कोटेड मेकॅनिकल कागद उजेडात पिवळा पडतोय? आधी कारण पकडा, मग केमिकल विकत घ्या

मेकॅनिकल पल्पचा (रगडलेल्या लाकडाच्या लगद्याचा) कोटेड कागद, म्हणजे मासिकं, कॅटलॉग, पत्रकं ज्यावर छापतात तो हलका चकचकीत कागद, मशीनवरून उतरताना छान पांढरा असतो आणि खिडकीच्या उन्हात काही दिवस पडला की पिवळट व्हायला लागतो. यावर उपाय विचारला की कोणीतरी लगेच "यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर टाका" (म्हणजे अतिनील किरण शोषणारं केमिकल) म्हणून मोकळं होतं. टाका की, पण त्याआधी पिवळं नक्की काय पडलंय ते तर बघा, कारण पल्प, लेटेक्स (कोटिंगचे कण चिकटवून ठेवणारं बाइंडर) आणि ऑप्टिकल ब्राइटनर (यूव्ही घेऊन निळा उजेड देणारं, कागद पांढरा दाखवणारं रसायन) हे तिघंही उजेडात बिघडतात, डोळ्याला तिघांचा परिणाम जवळपास सारखाच दिसतो आणि इलाज मात्र प्रत्येकाचा वेगळा आहे.

थोडं शास्त्र आधी, कामापुरतंच. केमिकल पल्पमध्ये लाकूड शिजवून लिग्निन (लाकडाचे धागे चिकटवून ठेवणारा पदार्थ) काढून टाकतात म्हणून लाकडाच्या निम्माच पल्प हाती येतो. मेकॅनिकलमध्ये लाकूड दगडावर किंवा रिफायनरमध्ये रगडतात, ९० टक्क्यांच्या वर पल्प मिळतो, पण लिग्निन जवळपास सगळं आतच राहतं, आणि स्प्रूस-पाइनसारख्या सूचिपर्णी लाकडात ते २५ ते ३० टक्के असतं. हे लिग्निन ३०० ते ४०० नॅनोमीटरचा यूव्ही उजेड शोषतं, त्यातून फ्री रॅडिकल तयार होतात, हवेतला ऑक्सिजन त्यात पडतो आणि शेवटी क्विनोन नावाची रंगीत संयुगं बनतात. क्विनोन निळा उजेड खातात म्हणून कागद पिवळा दिसतो. खिडकीची काच साधारण ३२० नॅनोमीटरच्या खालचं बरंचसं अडवते पण त्याच्या वरचं आत सोडते, त्यामुळे "आमचा कागद काचेच्या आत होता" या म्हणण्याला काही अर्थ नाही. गंमत म्हणजे ४०० च्या वरचा निळसर उजेड थोडं ब्लीचही करतो, म्हणून काही दिव्यांखाली न ब्लीच केलेला पल्प उलट किंचित उजळलेला दिसतो आणि लोक गोंधळतात.

आधी कारण शोधायचं

कागदाचा एक तुकडा घ्या, अर्धा भाग अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घट्ट झाका आणि उन्हाच्या खिडकीत ठेवा. आठवडाभरात फरक दिसायला लागतो. फॉइलखालचा भागही साधारण तेवढाच तापलेला असतो, त्याला फक्त उजेड मिळालेला नसतो, म्हणजे दोन्हींतला फरक हा उजेडाचा. फॉइलखालचा भागही पिवळा पडला असेल तर तुमचं दुखणं उष्णतेचं आहे, त्यावर पुढे थोडं लिहिलंय, पण कोटिंगमध्ये यूव्ही अडवणारं काहीही टाकून ते जाणार नाही.

मग ब्राइटनेस, म्हणजे कागद निळा उजेड किती परत फेकतो तो आकडा, दोनदा मोजायचा. एकदा यूव्ही चालू ठेवून, एकदा ४२० नॅनोमीटरचा कट-ऑफ फिल्टर लावून म्हणजे यूव्ही वगळून. मोजमाप ४५७ नॅनोमीटरवरच होतं, फक्त दिव्यातला यूव्ही काढला की ब्राइटनरची चमक बाद होते आणि कागदाचा खरा रंग उरतो. आता बघा: उन्हात ठेवल्यावर यूव्हीसकटचा आकडा पडला पण यूव्ही वगळूनचा जागेवरच आहे, तर लिग्निनला काही झालेलं नाही, तुमचा ब्राइटनर मेलाय. दोन्ही आकडे पडले तर पल्प किंवा बाइंडर. हे मशीन हाताशी नसेल तर नोटा तपासायचा काळा यूव्ही दिवा अंधाऱ्या खोलीत कागदावर धरा, फॉइलखालचा पट्टा निळा चमकतोय आणि उघडा भाग मंद झालाय असं दिसलं तर ब्राइटनर गेलाय एवढं नक्की, मात्र बरोबर लिग्निनही पिवळं पडलंय का ते या दिव्यावरून कळत नाही.

पल्प की बाइंडर हे वेगळं करायला अजून एक काम करायचं. तोच कोटिंग कलर (कागदावर लावायचं कोटिंगचं मिश्रण) पॉलिस्टर फिल्मवर किंवा मेकॅनिकल पल्प अजिबात नसलेल्या कागदावर ओढा, दुसरीकडे नुसता बेस पेपर (कोटिंग न लावलेला कागद), तिसरा नेहमीचा कोटेड कागद, तिन्ही एकाच जागी एकाच वेळी उजेडात ठेवा. फिल्मवरचं कोटिंगच पिवळं झालं तर लेटेक्सकडे वळा. बहुतेक वेळा बेस पेपरच दोषी निघतो, पण प्रत्येक वेळी नाही, आणि तो नसताना पल्प ब्लीचिंगवर खर्च करत बसणं म्हणजे डोकं दुखतंय आणि पायाला तेल चोळतोय.

बेसमध्ये मेकॅनिकल पल्प आहे की नाही हीच शंका असेल, विकत घेतलेल्या कागदात असते ती, तर फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचं द्रावण एक थेंब फाटलेल्या कडेवर टाका. लिग्निन असलं की लालसर जांभळा डाग उठतो. कोटिंगवर वरून टाकलं तर नीट दिसत नाही, फाडून आतल्या धाग्यांवरच टाकायचं. आणि कोटिंगमध्ये कार्बोनेट असेल तर आम्लाने फसफसेल, घाबरू नका. आम्ल जोरदार असतं, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा.

पिवळेपणा मोजताना लोक कुठे फसतात

ब्राइटनेस "१० पॉइंट पडला" असं म्हणणं अर्धवट आहे. ८० वरून ७० ला येणं आणि ६० वरून ५० ला येणं हे दोन्ही १० पॉइंटच, पण रंगीत पदार्थ किती तयार झाला ते बघायचं असेल तर के बाय एस, म्हणजे उजेड शोषणं भागिले उजेड विखुरणं, काढावा लागतो: १ मधून ब्राइटनेस वजा करा (८० टक्के म्हणजे ०.८), त्याचा वर्ग करा, त्याला दुप्पट ब्राइटनेसने भागा. ८० ला ०.०२५ येतो, ७० ला ०.०६४, फरक ०.०३९. ६० ला ०.१३३, ५० ला ०.२५०, फरक ०.११७. याच फरकाला १०० ने गुणलं की पोस्ट कलर नंबर, म्हणजे पीसी नंबर मिळतो, पहिल्याचा ३.९ आणि दुसऱ्याचा ११.७. दिसायला सारखीच घसरण पण दुसऱ्यात रंगीत माल तिप्पट. तसंच उलटं, खूप पांढऱ्या कागदात जराशा रंगीत मालाने पण ब्राइटनेस धाडकन पडतो. कोटेड कागदाला थर असल्यामुळे हे सूत्र शास्त्राच्या दृष्टीने तंतोतंत लागू नाही, पण एकाच जातीच्या कागदांची तुलना करायला पुरतं. जोडीला बी स्टार (पिवळेपणाचा आकडा) बघत जा, गिऱ्हाईकाच्या डोळ्याला जे दिसतं ते त्यात जास्त उतरतं.

मोजताना अजून एक बारीक भानगड आहे. मोजायच्या कागदाखाली त्याच कागदांची जाड गड्डी ठेवायची असते, कारण ५०-६० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) कागदातून खालचं दिसतं. उन्हात मात्र आपण एकच शीट ठेवलेलं असतं, मग ते पिवळं शीट ताज्या पांढऱ्या गड्डीवर ठेवून मोजलं की आकडा खोटा चांगला येतो. एकतर गड्डी होईल एवढी शीटं उजेडात ठेवा, नाहीतर आधी आणि नंतर दोन्ही वेळा एकच ठरावीक बॅकिंग वापरा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा.

झटपट टेस्टसाठी झेनॉन दिव्याचं मशीन उत्तम, पण त्यात खिडकीच्या काचेचा फिल्टर लावलेला असावा, कारण हा कागद घरात-ऑफिसातच वापरला जातो. ट्यूबवाल्या यूव्ही चेंबरमध्ये यूव्हीए-३५१ ट्यूब लावा, ती काचेतून आलेल्या उन्हाच्या जवळ जाते. यूव्हीबी-३१३ ट्यूब लावून निकाल लवकर येतो खरा, पण घरातल्या खिडकीत कधी येतच नाही असा उजेड त्यात असतो आणि त्यावर फॉर्म्युला ठरवला तर भलतंच काहीतरी जिंकतं. प्रत्येक बॅचमध्ये एक जुना ओळखीचा कागद कंट्रोल म्हणून ठेवायचाच, दिवा जुना होत जातो आणि मागच्या महिन्याच्या तासांची या महिन्याच्या तासांशी तुलना होत नाही. मोजायच्या आधी कागद २३ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला येऊ द्या, मशीनमधून गरमागरम काढून लगेच मोजू नका.

पल्पच्या पातळीवर काय करता येतं

सगळे पहिल्यांदा इथे येतात: मेकॅनिकल पल्प कमी करा. बरोबर आहे पण हिशोब करून बघा. समजा उजेड खाऊन झाल्यावर केमिकल पल्पचा के बाय एस ०.०२ आहे म्हणजे ब्राइटनेस ८२, आणि मेकॅनिकलचा ०.२५ म्हणजे ५०. दोघांची स्कॅटरिंग (उजेड विखुरणं) सारखी धरली तर मिश्रणाचा के बाय एस सरळ प्रमाणात येतो. २० टक्के मेकॅनिकल घातलं की मिश्रण ७० वर येतं. ५० टक्के घातलं की ६०. १०० टक्क्यांना ५०. म्हणजे पहिल्या २० टक्क्यांतच १२ पॉइंट गेले आणि उरलेल्या ८० टक्क्यांत २०. याचा व्यवहारातला अर्थ असा की ६० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणलं तर जेमतेम अडीच पॉइंट वाचतात आणि केमिकल पल्पचं बिल मात्र लगेच वाढतं. पिवळेपणासाठी मेकॅनिकल कमी करायचंच असेल तर भरपूर कमी करा, नाहीतर तो पैसा कोटिंगवर घाला असं माझं मत.

ब्लीचिंगचं असं की हायड्रोजन पेरॉक्साईड लिग्निन काढत नाही, त्यातले रंगीत गट बिनरंगाचे करतो. लिग्निन तिथेच असतं, उजेडात परत रंगायला तयार. त्यामुळे पेरॉक्साईडने भरपूर वर चढवलेला पल्प सुरुवातीला न ब्लीच केलेल्या पल्पपेक्षा वेगाने घसरतो. याचा अर्थ ब्लीच करू नका असा नाही, कारण घसरून पण तो बहुतेक वेळा वरच राहतो, पण गिऱ्हाईक शेवटचा आकडा बघत नाही, कालच्या आणि आजच्या रंगातला फरक बघतं. ज्या कामाला दोन पॉइंट कमी ब्राइटनेस चालणार आहे तिथे उगाच शेवटचे दोन पॉइंट पेरॉक्साईडने ओढून काढू नका, ते सगळ्यात महाग पडतात आणि सगळ्यात आधी जातात.

लोखंड, तांबं, मँगनीज यांच्यावर लक्ष हवं. लोखंड लिग्निनच्या फिनॉल गटांबरोबर काळपट रंगाची संयुगं करतं, आणि मँगनीज पेरॉक्साईड फुकट जाळतं. ब्लीचिंगच्या आधी डीटीपीए (धातू पकडून ठेवणारं रसायन), पल्पवर साधारण ०.२ ते ०.५ टक्के, आणि त्यानंतर नीट धुणं. धुतलं नाही तर धातू धरून ठेवलेला डीटीपीए पल्पबरोबरच पुढे जातो आणि सगळी मेहनत पाण्यात. गंजलेली पाइपलाइन, बॅकवॉटरमध्ये (लगद्यातून गळून परत वापरलं जाणारं पाणी) साठत जाणारं लोखंड, स्वस्तातला लोहयुक्त क्ले (पांढरी माती), तिन्ही तपासा.

लाकूड निवडायला वाव असेल तर अ‍ॅस्पेनसारख्या लाकडात लिग्निन २० टक्क्यांच्या आसपास असतं, स्प्रूसपेक्षा बरंच कमी. पण तो निर्णय कोटिंगवाल्याच्या हातात क्वचितच असतो, म्हणून पुढे जाऊ.

कोटिंग: खरी लढाई इथे

लिग्निनपर्यंत यूव्ही पोचूच द्यायचा नाही, एवढं एकच काम कोटिंगने करायचंय, त्याच्यासाठी ती छत्री आहे आणि छत्रीला भोकं असतील तर कापड कितीही भारी असून उपयोग नाही. म्हणून पिगमेंटच्या (कोटिंगमधल्या पांढऱ्या पुडीच्या) आधी कव्हरेज, म्हणजे कागद किती झाकला गेलाय ते, बघा.

एलडब्ल्यूसीवर (हलक्या कोटेड कागदावर) एका बाजूला चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम कोट असतो, म्हणजे फारच पातळ. ब्लेडने लावलं की कोटिंग खड्ड्यांत भरतं आणि उंच धाग्यांवरून खरवडलं जातं, पृष्ठभाग सपाट होतो, छपाई सुंदर येते, पण धाग्यांच्या माथ्यावर जवळजवळ काही उरत नाही. मेकॅनिकल पल्पमध्ये जाड, ताठ धागे भरपूर, म्हणजे माथे पण भरपूर. फिल्म प्रेसने (रोलरवरून थर उतरवून) किंवा कर्टनने (वरून पडद्यासारखं सोडून) लावलं तर थर धाग्यांच्या चढउताराप्रमाणे बसतो आणि तेवढ्याच ग्रॅममध्ये झाकणं जास्त चांगलं होतं. दोन कोट देत असाल तर खालचा फिल्मने, वरचा ब्लेडने, ही जोडी छान चालते.

कव्हरेज डोळ्याने बघायचं असेल तर बर्न-आउट टेस्ट करा. अमोनियम क्लोराईड पाणी-अल्कोहोलच्या मिश्रणात विरघळवायचं, कोटेड कागदाचा तुकडा त्यात बुडवून काढायचा, वाळू द्यायचा आणि मग २०० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवायचा. तापल्यावर त्यातून आम्ल सुटतं, धागे जळून काळे पडतात आणि कोटिंग पांढरंच राहतं. बाहेर काढलेला तुकडा बघितला की सगळी पोल उघडी पडते: चांगल्या कागदाचा रंग एकसारखा करडा, खराब कागदावर काळ्या रेघा आणि ठिपके, आणि भिंगातून बघितलं तर त्या रेघा म्हणजे एकेक धागा असतो, ज्याच्या डोक्यावर कोटिंगच नाही. पिवळेपणाची सुरुवात तिथूनच होते. फ्यूम हुडमध्ये करा, धूर चांगला नसतो, आणि अल्कोहोल पूर्ण उडून गेल्याशिवाय ओव्हनमध्ये ठेवू नका.

आता पिगमेंट. कॅल्शियम कार्बोनेट पांढरंशुभ्र आहे, स्वस्त आहे, पण या भागातला यूव्ही ते जवळजवळ शोषतच नाही, नुसता इकडेतिकडे विखुरतं, त्यातला काही खाली पोचतोच. क्लेचे कण चपटे असतात, ते एकावर एक पत्त्यांसारखे बसतात म्हणून झाकतात चांगलं, आणि थोडा यूव्ही पण खातात. नुसत्या कार्बोनेटवरून थोडा डिलॅमिनेटेड (पातळ पापुद्रे सुटे केलेला) क्ले आणून बघा, कधीकधी तेवढ्यानेच फरक पडतो आणि महागड्या वस्तूची गरज राहत नाही.

महागडी वस्तू म्हणजे टायटॅनियम डायऑक्साईड. यात दोन जाती, रूटाइल आणि अनाटेज. रूटाइल साधारण ४१० नॅनोमीटरच्या खालचं जवळपास सगळं शोषतं, अनाटेज ३९० च्या खालचं. लिग्निनला त्रास देणारा पट्टा रूटाइल पूर्ण झाकतं, आणि अनाटेज उजेडात स्वतःच रासायनिक क्रिया जास्त घडवतं, आजूबाजूचं बाइंडर खराब करतं, म्हणून या कामाला रूटाइलच घ्या, तेही वरून अ‍ॅल्युमिना किंवा सिलिकाचा लेप दिलेलं. १०० भाग पिगमेंटमध्ये ५ भागांपासून सुरू करून बघायचं. डिस्पर्शन नीट झालं नाही तर कण गठ्ठ्याने बसतात आणि अर्धे पैसे वाया, म्हणून कलर किचनमध्ये ते घाईघाईत कोरडं ओतू नका, आधी स्लरी (पाण्यात कालवलेलं मिश्रण) करा. थोडा कॅल्साइन्ड (भाजलेला) क्ले बरोबर दिला तर कणांमध्ये अंतर राहतं.

पण, आणि हा पण मोठा आहे, रूटाइल जो यूव्ही खातं तोच ऑप्टिकल ब्राइटनरचं अन्न आहे. ब्राइटनर ३४० ते ३८० चा यूव्ही घेऊन ४४० च्या आसपास निळा उजेड देतो. एकाच थरात रूटाइल आणि ब्राइटनर दोन्ही टाकले की ब्राइटनर उपाशी, आणि मग माणूस अजून ब्राइटनर ओततो, आणि एका मर्यादेनंतर तो ब्राइटनर स्वतःच हिरवट-पिवळा दिसायला लागतो. दोन कोट असतील तर रूटाइल खालच्या कोटमध्ये टाका आणि ब्राइटनर वरच्या. वरून आलेला यूव्ही आधी ब्राइटनर घेईल, उरलेला खाली रूटाइल गिळेल, लिग्निनला काहीच नाही. एकच कोट असेल तर ठरवून एक निवडा. बेस पेपरमध्ये वेट-एंडला (कागद बनायच्या आधी, पाण्यातल्या लगद्यात) ब्राइटनर टाकणं तर मेकॅनिकल पल्पच्या बाबतीत पैसे नाल्यात, तिथे लिग्निनच सगळा यूव्ही पिऊन बसलेलं असतं.

आणि ब्राइटनर पण उजेडात टिकाऊ नाही हे विसरायचं नाही. तो गेला की त्याने लपवलेला पिवळेपणा उघडा पडतो. म्हणून जास्त दिवस टिकायच्या कागदात ब्राइटनर कमी ठेवून थोडी निळी-जांभळी शेडिंग डाय वापरणं मला जास्त प्रामाणिक वाटतं, ब्राइटनेस थोडा कमी दिसतो पण रंग हलत नाही. डाय पण लाइटफास्ट घ्यायचा, नाहीतर तोही उडतो आणि परत पहिले पाढे पंचावन्न.

बाइंडरमध्ये स्टायरीन-ब्युटाडाईन लेटेक्स सगळीकडे चालतं, पण ब्युटाडाईनमधले शिल्लक डबल बाँड उजेडात आणि उष्णतेत ऑक्सिडाइज होतात आणि पिवळे पडतात. स्टायरीन-अ‍ॅक्रिलिक याबाबतीत बरंच चांगलं, महाग आहे. फिल्मवरच्या टेस्टमध्ये लेटेक्स दोषी निघालं तरच बदला, उगाच नको. आधी बाइंडरचं प्रमाण कमी करून पिक स्ट्रेंग्थ (छपाईत पृष्ठभाग न उखडण्याची ताकद) टिकते का बघा, कित्येक ठिकाणी दोन भाग लेटेक्स केवळ सवयीने जास्त पडत असतं.

यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर आणि बाकी औषधं

बेंझोट्रायझोल आणि बेंझोफिनोन जातीचे यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर काम करतात यात शंका नाही. बरोबर रॅडिकल पकडणारं काही दिलं तर एकेकट्यापेक्षा जोडीने जास्त चांगले चालतात. अडचण डोसची आहे, हे पीपीएमच्या हिशोबात नाही, टक्क्याच्या हिशोबात लागतं, आणि मेकॅनिकल कागद मुळात स्वस्त म्हणून घेतला जातो, मग त्यात एवढं महाग केमिकल बसत नाही. बसवायचंच असेल तर पल्पमध्ये मिसळू नका, अर्धं बॅकवॉटरबरोबर जाईल. साइज प्रेसला (कागद बनल्यावर त्याला खळ लावतात तिथे) किंवा प्री-कोटमध्ये (खालच्या कोटमध्ये) द्या, म्हणजे जिथे हवं तिथेच राहील. पाण्यात डिस्पर्स होणारा ग्रेड मागा. आणि वर लिहिलेली ब्राइटनरची मारामारी इथेही तशीच आहे.

अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल बरेच जण ट्राय करतात कारण स्वस्त आणि निरुपद्रवी. सुरुवातीला छान वाचवतं, मग संपतं, आणि पुढे स्वतःच पिवळं पडतं. थायॉल जातीची रसायनं परिणामकारक आहेत पण वास असा की कागद कोणी हातात धरणार नाही. लिग्निनचे फिनॉल गट अ‍ॅसिटिलेशनने बंद करणं लॅबमध्ये सुंदर चालतं, मिलमध्ये परवडत नाही.

सप्लायरने ग्राफ दाखवला तर तीन गोष्टी विचारा: उभा अक्ष शून्यापासून आहे की ७० पासून, दिव्याला काचेचा फिल्टर होता का, आणि कंट्रोल कागदात कोटिंग होतं की नुसता बेस. एका सप्लायरचा फार देखणा ग्राफ मी बघितलाय ज्यात त्यांचा नमुना कोटेड होता आणि कंट्रोल अनकोटेड. तसा तर खडू फासून पण जिंकता येतं.

उष्णतेचं थोडं

इन्फ्रारेड ड्रायर जोरात आणि रील गरम गुंडाळलं की आतल्या आत, अंधारातच कागद पिवळा होतो. रील गार होऊ द्या, ओलावा जास्त ठेवून गुंडाळू नका, बेसचा पीएच फार अल्कलाइन जाऊ देऊ नका कारण मेकॅनिकल पल्प अल्कलीत गडद होतो.

कागद तयार झाल्यावर

सगळ्यात स्वस्त उपाय खरं तर हाच आहे आणि सगळ्यात कमी लोक करतात: वापरेपर्यंत कागद अंधारात ठेवा. पारदर्शक स्ट्रेच फिल्म यूव्ही अडवत नाही, पॅलेटला अपारदर्शक रॅप हवा. खिडकी-रोशनदानाजवळ पॅलेट लावू नका. उघडलेल्या रीमवर निदान एक जाड पुठ्ठा टाका. एका बाजूनेच कोट केलेला कागद असेल तर कोट नसलेली बाजू उजेडाकडे येणार नाही असा रचा, कारण मागून आलेला यूव्ही पुढचं कोटिंग अडवू शकत नाही.

छापणाऱ्यांसाठी: शाईने झाकलेला भाग बचावतो, कोरा पांढरा भाग आधी जातो. कॅटलॉग जास्त दिवस चालायचा असेल तर डिझाइनवाल्याला सांगून पानभर हलका क्रीम टिंट द्या, पिवळेपणा त्यात मुरून जातो, हे कुठल्याही केमिकलपेक्षा स्वस्त आहे. यूव्ही अ‍ॅब्सॉर्बर असलेला वॉटरबेस्ड व्हार्निश मदत करतो. यूव्हीने सुकवायचा व्हार्निश मात्र आधी तपासून घ्या, त्यातले फोटोइनिशिएटर (यूव्ही पडताच सुकणं सुरू करणारी रसायनं) स्वतःच कधीकधी पिवळे पडतात, आणि नावात यूव्ही आहे म्हणजे तो यूव्ही अडवतो असं नाही, हा गैरसमज फार आहे. साधी बीओपीपी (प्लास्टिकची) लॅमिनेशन फिल्म यूव्ही सोडते, अडवणारी हवी असेल तर तशी वेगळी मागून घ्यावी लागते. पोस्टर लावणार असाल तर यूव्ही फिल्टरचा अ‍ॅक्रिलिक आणि एलईडी दिवे, नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत यूव्ही जवळपास नसतोच, जुन्या ट्यूबलाइटमध्ये थोडा असतो.

आणि कागद किती दिवस टिकायला हवाय ते आधी ठरवा. आठवड्याच्या मासिकाला यातलं काहीही नको, नीट रॅप करा आणि विसरा. वर्षभराच्या कॅटलॉगला चांगलं कव्हरेज, थोडा क्ले, कमी ब्राइटनर एवढं बास. दोन-चार वर्षांच्या पुस्तकाला दोन कोट आणि खाली रूटाइल. पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा दस्तऐवज असेल तर मेकॅनिकल पल्पचा विचारच सोडा, टिकाऊ कागदाचं आयएसओ ९७०६ हे स्टँडर्ड कप्पा नंबर (पल्पमधल्या लिग्निनचा माप-आकडा) ५ च्या खाली मागतं, म्हणजे लिग्निन जवळजवळ नकोच, आणि कितीही कोटिंग फासलं तरी मेकॅनिकल कागद त्यात बसत नाही.

गिऱ्हाईकाबरोबर स्पेसिफिकेशन लिहिताना "पिवळा पडू नये" असं मोघम मान्य करू नका. कुठला दिवा, कुठला फिल्टर, उजेडाचा किती डोस, कुठल्या बाजूने, त्यानंतर यूव्ही वगळून ब्राइटनेस किती आणि बी स्टार किती वाढला चालेल, एवढं लिहून घ्या, आणि मंजूर केलेल्या लॉटच्या दोन गड्ड्या काळ्या पाकिटांत बंद करून दोघांकडे एकेक ठेवा, तक्रार आली की तीच उघडून शेजारी ठेवता येते.